गालातली पिल्लं

“गोरक्षभाऊ, हात मागे घ्या.”

वेदिका मॅडम इतक्या हळू बोलल्या की शब्द कानावर पडायच्या आधीच गोरक्षला अर्थ कळला. त्याचा हात पिंजऱ्याच्या झाकणापासून वीतभर वर होता. तो तिथेच थांबला आणि मग सावकाश मागे आला.

“मॅडम, पिल्लं नाहीत,” तो म्हणाला. “सकाळी दाणे टाकले तेव्हा पाच होती. आता घरट्यात एकही दिसत नाही.”

“बघतेय मी.”

“परत खाल्ली वाटतं तिने.”

भिंतीपलीकडच्या व्हरांड्यात पाण्याचा कूलर बसवायला आलेल्या माणसाने थेट भिंतीलाच ड्रिल लावलं होतं. कुणाला विचारणं नाही, सवरणं नाही. गोरक्ष धावत जाऊन त्याला थांबवून आला, त्याच्याशी दोन शब्द वाईटही बोलला, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. खोलीत लाल दिवा जळत होता. या जनावरांना लाल उजेड फारसा दिसत नाही, म्हणून त्या खोलीत सगळं लालच. त्या उजेडात ती कोपऱ्यात पाठ लावून बसली होती, मूठभर राखाडी जीव, आणि तिच्या मिशा थरथरत होत्या.

आता हॅमस्टर म्हणजे काय, असं वीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर गोरक्षने बिस्किटाची नवी कंपनी म्हणून सांगितलं असतं. देवळ्याकडचा माणूस, कांद्याच्या चाळीत वाढलेला. उंदीर म्हटलं की त्याला फक्त दोन गोष्टी माहीत, पिंजरा आणि औषध. मग अंबडच्या पुढे एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात प्राणिघराचा अटेंडंट म्हणून लागला आणि तेव्हापासून याच जातीची धुणीभांडी करत आला. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं, दिवे वेळेवर लावायचे आणि घालवायचे. पाहुण्यांत त्याला उंदीरमामा म्हणत. पोरीच्या लग्नपत्रिकेत मात्र त्याच पाहुण्यांनी नावाखाली ‘संशोधन विभाग’ असं छापून घेतलं. दुनिया अशीच असते, त्याला त्याचं काही वाटत नसे.

केंद्रात होते ते सोनेरी हॅमस्टर, गरीब, हातात घेतलं तर तळव्यावर झोपी जाणारे. जगभरच्या प्रयोगशाळांतले बहुतेक सोनेरी हॅमस्टर म्हणे एकाच मादीच्या एकाच वेताचे वंशज आहेत. भावाला बहीण लावूनच सगळा वंश वाढवला. “म्हणजे जगभर एकच भावकी,” असं गोरक्ष म्हणाला तेव्हा मॅडम खूप हसल्या होत्या. पण पुढचं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. इतक्या पिढ्या माणसाच्या हाताखाली काढल्यावर या जनावरांतलं बरंच काही पुसलं गेलंय, त्यातलं एक म्हणजे भीती. आणि मॅडमना नेमकी भीतीच हवी होती. घाबरट आईच्या मुली घाबरट का होतात, ते रक्तातून येतं की आईजवळ राहून येतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी सतरा परवानग्या काढून त्यांनी लडाखच्या माळावरून रानातली हॅमस्टर आणली. आणलेल्यांतली एकच मादी टिकली. गोरक्षने तिचं नाव लडाखीण ठेवलं.

लडाखीणबाई भलत्या तिखट होत्या. नराजवळ सोडलं की त्याच्या अंगावर धावून जायच्या. गोरक्ष हातात पत्र्याचा तुकडा घेऊन मध्ये घालायला तयार उभा असायचा. उन्हाळ्यातल्या लांब दिवसासारखे दिवे ठेवून पाहिले तेव्हा कुठे तिने नराला जवळ येऊ दिलं. पिल्लं झाली त्या दिवशी मॅडमनी पेढे वाटले आणि पाचव्या दिवशी गोरक्षने घोटाळा करून ठेवला.

घोटाळा साधाच होता, पण तो आपल्याच माणसाला सुचावा असा. बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी पुजतात. सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात. आता इतक्या लांबून आलेली ही लेकुरवाळी, तिला ना सासर ना माहेर, तिच्या पिल्लांचं नशीब कोण लिहिणार, असं त्याच्या मनात आलं. निम्मं थट्टेत आणि निम्मं खरोखर. त्याने पिंजऱ्याखाली एक कोरी चिठ्ठी सरकवली, एक उदबत्ती लावली आणि हात जोडले. दुपारी येऊन बघतो तर पिंजऱ्यात एकटी लडाखीण, तोंड पुसत बसलेली. सगळं वेत तिने खाल्लं होतं.

मॅडमना वास आलाच. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तिच्या दृष्टीने घरात आग लागली होती. पळता येत नव्हतं. मग तिने पिल्लं वाचवायचा हिशेब सोडून दिला.” गोरक्षला ते वाक्य पुढे कितीतरी दिवस जेवताना आठवायचं.

हे दुसरं वेत. याच्यावर त्याने नीट श्वाससुद्धा टाकला नव्हता.

“तिचं तोंड बघा,” मॅडम कुजबुजल्या.

गोरक्षने मान वाकडी करून बघितलं. लडाखिणीचं डोकं धडाहून मोठं झालं होतं. दोन्ही बाजूंना गाल खांद्यापर्यंत फुगलेले, आणि एका गालाच्या कातडीखाली काहीतरी हललं.

“गालात घातलीत?”

“हो. दाणे साठवायच्या पिशव्या असतात ना, त्यात. धोका वाटला की पिल्लं उचलून गालात टाकते. खाल्ली नाहीत तिने. लपवलीत.”

गोरक्षच्या छातीवरचा दगड उतरला, पण अर्धाच. कारण मॅडम अजून तशाच ताठ उभ्या होत्या.

“मग आता?”

“आता भीती गेली की काढेल बाहेर. पण भीती राहिली तर काढणार नाही. आत हवा नसते, भाऊ. आई जीव तोडून सांभाळत असते आणि पिल्लू तिच्याच गालात गुदमरतं.”

“मग आपण काढू ना मॅडम. मी हातमोजे घालतो.”

“हात घातलात तर दात आवळेल ती. आपण फक्त भीती कमी करू शकतो. बाकी तिच्यावर.”

दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात गोरक्षच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो कापडावरूनच दाबून धरला. थांबला आणि परत थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तो मागच्या पावली बाहेर आला.

फोन बायकोचा, सुमनचा होता. मागे बायकांचा गलका आणि दार वाजवल्याचा आवाज.

“अहो, लवकर या. चैतीने आतून कडी लावलीय. बाळ तिच्याजवळ आहे. हाका मारून मारून घसा बसला, पोरगी ओ देत नाही.”

“बाळ रडतंय का?”

“मघाशी रडत होतं,” सुमन म्हणाली. “आता नाही.”

जे सुमनला माहीत नव्हतं ते गोरक्षला माहीत होतं.

चैताली त्यांची एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाशिक रोडला आलेली. मुलगा झाला. तिच्या सासरचा हा पहिला नातू, मग काय, माणसांची रीघ लागली. जो तो येई, बाळ उचली, नाक कुणासारखं यावर वाद घाली. दूध येतंय का, पुरतंय का, पोरगी अशी गप्प का, पदर नीट घे, मान धर. आणि काल संध्याकाळी, सगळ्या बायका चहाला स्वयंपाकघरात असताना, चैतालीने त्याला हाक मारली. बाळ पाळण्यात होतं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा, मला याची भीती वाटते. माझ्या हातून याला काहीतरी होईल असं सारखं वाटतं.”

गोरक्षने काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, झोप नाही झाली तुझी, म्हणून होतंय. आणि सकाळी लडाखिणीच्या पिल्लांची काळजी करायला कामावर आला.

आणि आज पाचवी होती.

तो परत आत गेला आणि मॅडमना बाहेर बोलावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. कालचं वाक्यही सांगितलं. पहिल्यांदाच ते कुणापुढे उच्चारलं.

मॅडमचा चेहरा उतरला. “भाऊ, हॅमस्टरचं मी सांगू शकते. माणसांचं नाही. पण हा आजार असतो, बाळंतपणानंतर होतो, आणि त्यावर उपचार आहेत. माझी एक मैत्रीण मनाची डॉक्टर आहे, तिला आत्ता फोन लावते. तुम्ही जा. आणि तिला एकटी सोडू नका.”

“इथे तर तुम्ही म्हणता, हात लावू नका.”

“ही रानातली आहे,” मॅडम म्हणाल्या. “चैताली तुमची मुलगी आहे.”

पाथर्डी फाट्यावरून वडनेरच्या रस्त्याने त्याने गाडी काढली. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा आला, विहितगावला कुणाची तरी मिरवणूक आली, आणि एरवी कुणाला शिवी न देणारा गोरक्ष त्या दिवशी हेल्मेटच्या आत सगळ्यांचा उद्धार करत गेला. डोक्यात दोनच गोष्टी फिरत होत्या. हात लावू नका. एकटी सोडू नका. यातलं कोणतं ऐकायचं? दार फोडायचं की नाही? उदबत्ती लावली त्या दिवशीही त्याचं मन साफ होतं. मन साफ असून काही उपयोग नसतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॉलनीत त्याचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यातच त्याला वास आला. ओवा, बाळंतशेपा, लोबान. बाळाला आणि बाळंतिणीला द्यायची धुरी. दारात चपलांचा ढीग पडलेला. आत बाहेरच्या खोलीत शेगडी पेटलेली, निखाऱ्यावर कुणीतरी मूठभर ओवा टाकलेला, आणि धूर इतका की भिंतीवरचं घड्याळ दिसेना. कोपऱ्यात वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर ठेवलेला. शेजारी कोरा कागद आणि पेन. बायका दाटीने उभ्या, आणि आतल्या खोलीच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होत्या त्या कुसाबाई, चैतालीच्या सासूबाई, सकाळीच देवळ्याहून पाचवीसाठी आलेल्या.

“चैताली, दार उघड. माझा नातू दे माझ्याकडं, मग बस काय बसायचं ते.”

“विहीणबाई, थापा मारू नका,” गोरक्ष म्हणाला.

कुसाबाई वळल्या. पदर सुटलेला, डोळे लाल. “आले का व्याही? बघा तुमच्या पोरीचं. धुरी द्यायला बाळ मागितलं तर हिसकून घेतलं माझ्या हातातून, अन आत जाऊन कडी लावली. लय येळ झाला. लेकरू रडंना आता. म्या लखनला बोलावलंय.”

खालच्या दुकानातला लखन सुतार पहार घेऊन उभा होता. तो गोरक्षकडे बघत म्हणाला, “काका, एका दणक्यात निघेल. सांगा फक्त.”

सगळ्यांनी गोरक्षकडे पाहिलं. सुमनने त्याची बाही धरली होती आणि ती सोडत नव्हती. दारापलीकडून काहीच आवाज येत नव्हता. बाळाचा नाही, चैतालीचा नाही. गोरक्षने दाराला कान लावला. आत काय असेल, हे त्याला दोन तऱ्हेने दिसलं, आणि दोन्ही वेळा तो बघू शकला नाही.

“लखन, तू जिन्यात थांब,” तो म्हणाला. “पहार हातातच ठेव. मी हाक मारली की एका उडीत ये. त्याआधी नाही.”

“अन तवर काय?” कुसाबाई म्हणाल्या. “माझा नातू हाय आत. काय झालं तर जिम्मेदार कोण?”

“मी.”

“लय सोपं हाय म्हणायला.”

“सोपं नाही,” गोरक्ष म्हणाला. “माझी पोरगी पण आहे आत.”

मग त्याने जे केलं ते बघून बायकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. त्याने आधी शेगडी उचलली. उघड्या हातांनी, कडा तापलेली असताना. ती गॅलरीत नेऊन पाणी ओतलं. पंखा लावला, खिडक्या उघडल्या. मग हात जोडून एकेकीला म्हणाला, शेजारी जा, गच्चीवर जा, खाली जा, पण या घरातून जा. कुणी रागावली, कुणी पुटपुटली, पण गेल्या. कुसाबाई जाईनात.

“विहीणबाई, तुमच्या पाया पडतो. जिन्यात लखनजवळ बसा. काही कानावर आलं तर पहिल्या तुम्हीच आत याल.”

कुसाबाईंनी सुटलेला पदर खोचला. मग गेल्या. सुमनला त्याने स्वयंपाकघराच्या दारात बसवलं आणि तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

घर शांत झालं. गोरक्ष दाराला पाठ लावून जमिनीवर बसला.

“चैते, मी आलोय,” तो म्हणाला. “सगळ्यांना घालवून दिलं. धूर पण गेला. दार उघड म्हणायला नाही आलो. मी इथेच बसतोय.”

काही नाही.

“तुला लडाखिणीचं सांगायचं राहिलं. आज तिच्या भिंतीला कुणीतरी ड्रिल लावलं. धावत जाऊन बघतो तर घरट्यात पिल्लंच नाहीत. मी म्हटलं, खाल्ली. मागल्या खेपेसारखी. मॅडमना म्हणालोसुद्धा, खाल्ली हिने. मला अक्कल कमी. तिने गालात घालून ठेवली होती, चैते. पाचही. तोंड एवढं झालं होतं तिचं.”

स्वयंपाकघराच्या दारात सुमन तोंडात पदर कोंबून रडत होती.

“काल तू मला जे बोललीस, ते मला कळलं नाही. झोप म्हणालो मी. बाप म्हणून चुकलो. आता कळलंय. हे होतं असं, औषध असतं त्याला. डॉक्टरीणबाई आहेत एक, मॅडमच्या मैत्रीण. आपण दोघंच जाऊ. म्हणजे तिघं.”

गालात हवा नसते हे मॅडमचं वाक्य त्याला सारखं आठवत होतं आणि ते बोलावं की नाही हे कळत नव्हतं. शेवटी बोललाच.

“फक्त एक कर, बाळा. मॅडम म्हणाल्या, आई फार घट्ट धरते तेव्हा पिल्लाला हवा मिळत नाही. तिला कळतच नाही ते, ती तर वाचवतच असते. तू त्याच्या तोंडावरचं पांघरूण तेवढं काढ. बाकी राहू दे.”

आत काहीच झालं नाही. गोरक्षने मनाशी ठरवलं, आता एकदा जिन्याकडे बघायचं आणि लखनला हाक मारायची. त्याने मान वळवली. तोंड उघडलं.

तेवढ्यात आत गोधडी सरकल्याचा आवाज झाला. आणि त्यामागून एक बारीकशी शिंक.

मग बाळ रडलं. आधी कुरकुरत, दम घेत, आणि मग बेंबीच्या देठापासून. जिन्यात कुसाबाईंनी बसल्या जागी भिंतीवर डोकं टेकलं. लखनने पहार पायरीवर ठेवली, आवाज न करता.

गोरक्ष उठला नाही. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यावर, आतल्या बाजूला, कडी सरकली.

खोलीत उकाडा कोंडला होता. खिडकी बंद, पडदा ओढलेला. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, जिथे एरवी घडीची खाट उभी ठेवायचे, तिथे चैताली परत जाऊन बसली होती. गोधडी पायाशी पडलेली. तिच्या अंगावरून घाम निथळत होता आणि बाळ टोमॅटोसारखं लाल झालं होतं. ती त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून होती, नखं पांढरी पडेपर्यंत. गोरक्षने खिडकी उघडली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. हात पुढे केला नाही.

“सगळ्यांचे हात, पप्पा,” चैताली म्हणाली. “सारखे कुणाचे ना कुणाचे हात. निखाऱ्यावर धरायला मागत होत्या त्याला.”

“हो.”

“आणि माझे पण हात. मला वाटलं, माझे हात मोकळे राहिले तर काहीतरी करतील. म्हणून धरून ठेवला. धरलेला असला की दुसरं काही करता येत नाही ना.”

जन्मात गोरक्षला इतकी भीती वाटली नव्हती आणि पोरीची इतकी दयाही आली नव्हती. तो म्हणाला, “बरं केलंस.” मग म्हणाला, “जरासं सैल धर.”

तिने सैल धरलं. बाळाने मान फिरवली, तोंड उघडंबंद केलं. सुमन पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून तिथेच बसली.

दारात कुसाबाई उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर.

“लांबून बघू का जरा?” त्यांनी विचारलं. आवाज पार बसला होता.

गोरक्षने चैतालीकडे पाहिलं. चैतालीने बाळ जरा जवळ ओढलं. मग म्हणाली, “लांबून.”

कुसाबाईंनी लांबून पाहिलं. पदराने तोंड पुसलं आणि दाराच्या चौकटीला म्हणाव्यात तशा म्हणाल्या, “माझ्या संतोषच्या येळी मला बी व्हायचं आसं. मळ्यात इहीर व्हती. मला तिकडं जाऊ देत नव्हते. मंग मी बी कुणाला काय बोलले नाय. आज पस्तोर नाय.” एवढं बोलून त्या वळल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन निखाऱ्याची सांडलेली राख गोळा करू लागल्या. आपण धुरी द्यायला मागत होतो, हे त्यांनी काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं नाही.

संध्याकाळी जावई, संतोष, आला. अंबडलाच कंपनीत होता, त्या दिवशी त्याला निघता आलं नव्हतं. गोरक्षने त्याला गॅलरीत नेऊन सगळं नीट सांगितलं, कालच्या वाक्यासकट. डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. रात्रभर कुणीतरी जवळ बसा आणि सकाळी घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. संतोष ऐकत राहिला, मग म्हणाला, “पप्पा, मला वाटायचं ती चिडलीय माझ्यावर.” आणि गॅलरीतल्या ओल्या शेगडीकडे बघत उभा राहिला.

मग गोरक्षने स्क्रूड्रायव्हर काढला आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेला.

“चैते, ही कडी काढू का?”

चैताली खाटेवर आली होती. बाळ मांडीवर झोपलेलं, अंगावरून वारं जात होतं. तिने कडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“काढा,” ती म्हणाली. “पण मग तुम्ही दारात बसा.”

“बसतो.”

“कुणाला आत सोडायचं ते मी सांगीन.”

“तूच सांग.”

जुने स्क्रू, गंजलेले. एकेक काढायला वेळ लागला. शेवटचा निघत होता तेव्हा फोन थरथरला. मॅडमचा मेसेज. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचला. *दुपारी काढली तिने बाहेर. चार ठीक आहेत, पिताहेत. एक गालातच गेलं. चैताली कशी आहे?*

गोरक्षने ते दोनदा वाचलं. वीस वर्षांत त्याने पिल्लांचा आकडा कुणाला कधी चुकीचा सांगितला नव्हता.

“कुणाचा आहे?” चैतालीने विचारलं.

“मॅडमचा.”

“काढली का तिने पिल्लं?”

“काढली.”

“सगळी?”

तिचा एक हात बाळाच्या छातीवर होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता. गोरक्षने फोन खिशात टाकला.

“सगळी,” तो म्हणाला.

त्याने कडीही त्याच खिशात टाकली, प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दारात ठेवली आणि पोरीकडे पाठ करून बसला. बाहेरच्या खोलीत सटवाईसाठी ठेवलेला कागद पंख्याने उडून पलंगाखाली गेला होता. सुमन तो उचलायला वाकली, तेव्हा त्याने नुसता हात हलवून राहू दे म्हटलं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. बाळ बघायला आलेली शेजारची दोन माणसं, हातात झबलं-टोपडं. गोरक्षने मान मागे न वळवता विचारलं, “चैते?”

“आज नको,” ती म्हणाली.

“आज नको,” गोरक्षने पाहुण्यांना सांगितलं.